गोव्याच्या नदीतील अद्भुत ‘मासा’

सोळाव्या शतकाच्या नवव्या दशकात गोव्याच्या नदीत एक विलक्षण ‘मासा’ पकडण्यात आला. त्याच्या दर्शनाने गोव्याच्या आर्चबिशपचा वाडा चकित झाला. आर्चबिशपच्या आज्ञेवरून त्याचे चित्र काढण्यात आले आणि एक नवल म्हणून ते स्पेनच्या राजाकडे रवाना झाले. ही हकीकत लिन्शोटेन ह्या डच प्रवाशाने आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवली आहे. गोव्यातील बाजारपेठ, तेथील राज्यकारभार, पोर्तुगीज समाजाची राहणी ह्यांसाठी अभ्यासकांनी हा ग्रंथ वारंवार उलगडला आहे. माशांच्या प्रकरणातील हा परिच्छेद मात्र सहसा करमणुकीचा मजकूर म्हणून ओलांडला जातो. आम्हांला तो तसा वाटत नाही. अपरिचित प्राणी समोर आला असता माणसे काय करतात, काय पाहतात आणि कोणाला विचारावयाचे राहून जाते, ह्याचा इतका स्वच्छ पुरावा आपल्या प्रदेशाच्या इतिहासात क्वचितच मिळतो.

यान हौखेन व्हान लिन्शोटेन १५६३ साली हॉलंडातील हार्लेम येथे जन्मला. आर्चबिशप व्हिसेंति द फोन्सेका ह्यांच्या परिवारात नोकरी धरून तो १५८३ साली गोव्यास आला आणि १५८८ पर्यंत तेथे राहिला. मायदेशी परतल्यावर त्याने लिहिलेला ‘इतिनेरारियो’ हा ग्रंथ १५९६ साली ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला व १५९८ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेले सागरी मार्ग डच आणि इंग्रज ह्यांना ज्या ग्रंथांमुळे उमगले, त्यांत ह्या ग्रंथाचे स्थान वरचे आहे. तेव्हा हा लेखक भाबडा किंवा बेजबाबदार नव्हता. दर्यावर्दींच्या उपयोगी पडेल अशी माहिती टिपून घेण्याची त्याला सवय होती, आणि तीच सवय त्याने माशांच्या बाबतीतही पाळली.

तो सांगतो त्याचा सारांश असा. हिवाळ्यात, म्हणजे युरोपीय लोक गोव्याच्या पावसाळ्याला ज्या नावाने ओळखत त्या ऋतूत, नदीचे मुख बंद झाले असता हा मासा हाती लागला. आकाराने तो मध्यम कुत्र्याएवढा होता. तोंड डुकरासारखे, डोळे बारीक, कान नाहीत, कानांच्या जागी नुसती दोन छिद्रे. पाय चार, आणि तेही हत्तीच्या पायांसारखे. शेपूट पाठीपासूनच रुंद होत गेलेले, चपटे आणि टोकाशी गोलसर निमुळते. वाड्याच्या दालनात तो डुकरासारखा फुरफुरत इकडून तिकडे धावला. डोके, अंग, पाय, शेपूट सर्वांवर अंगठ्याएवढ्या रुंदीचे खवले होते, आणि ते लोखंडाहून वा पोलादाहूनही कठीण होते. मंडळींनी त्यावर शस्त्रांचे घाव घातले, तेव्हा ऐरणीवर प्रहार करावा तसा अनुभव आला. मार बसताच त्याने डोके व पाय एकत्र घेऊन स्वतःचा चेंडू केला. तो कोठे मिटला आहे हेही कोणाला कळेना, आणि कोणत्याही हत्याराने वा हाताच्या बळाने तो उघडेना. मग सर्वांनी त्याला हात लावावयाचे सोडून दिले, तेव्हा तो आपण होऊन उघडला आणि पळत सुटला.

सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या वाचकाला हे वर्णन वाचताच त्या प्राण्याची ओळख पटेल. हा मासा नव्हेच. हे खवल्या मांजर होय. लिन्शोटेनच्या ग्रंथाच्या आधुनिक संपादकांनीही हेच सांगितले आहे. एकेक लक्षण ताडून पाहिले तर त्याची टिपणी किती नेमकी आहे हे दिसून येते. खवल्या मांजराचे तोंड लांबट असते, त्याला दात नसतात, डोळे बारीक असतात आणि बाहेरचा कान नावापुरताच असतो. चालताना ते पुढच्या पायांची लांब नखे आत मुडपून घेते. त्यामुळे पाऊल आखूड व गोल दिसते आणि हत्तीची आठवण व्हावी हे साहजिकच आहे. शेपटी बुंध्याशी इतकी रुंद असते की धड कोठे संपले हे सांगता येत नाही. अंगावरचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे, केराटिनाचे, बनलेले असतात. संकट आले की चेंडू होऊन पडणे हा तर त्याचा मुख्य बचाव. आजच्या प्राणिशास्त्रज्ञालाही ह्या वर्णनात दुरुस्ती करण्यासारखे फारसे सापडणार नाही. त्यात चूक एकच आहे, आणि ती पहिल्याच शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘मासा’.

ही चूक कशी झाली? प्राणी नदीत सापडला, एवढे एक कारण उघड आहे. खवल्या मांजराला पोहता येते, आणि पावसाळ्यात पुराच्या लोंढ्याबरोबर एखादे खाली वाहत येणे अशक्य नाही. तो पाण्यात कसा आला असेल ह्याविषयी आमचा तर्क इतकाच आहे. परंतु नुसत्या स्थळामुळे चार पायांच्या, दालनात धावणाऱ्या प्राण्याला कोणी मासा म्हणणार नाही. त्यामागे एक जुनी समजूत उभी होती. निसर्गात जे जे आहे त्याचे प्रतिरूप समुद्रात असतेच, हा लोकसमज रोमन लेखक प्लिनी ह्याने पहिल्या शतकातच नोंदला होता, आणि सोळाव्या शतकातील युरोपीय मत्स्यग्रंथांत समुद्रातल्या संन्याशाचीसुद्धा चित्रे छापली जात होती. डुकराच्या तोंडाचा व हत्तीच्या पायांचा मासा ह्या चौकटीत सहज बसत होता.

ह्या समजुतीला आम्ही परकी म्हणून हसण्याचे कारण नाही. जलहस्ती, जलमानुष हे शब्द आपल्याही कोशांत आहेत. हत्तीची सोंड, मगरीचा जबडा आणि माशाचे अंग एकत्र करून घडविलेला मकर आपल्या देवळांच्या तोरणांवर शतकानुशतके बसलेला आहे. भरहुत येथील स्तूपाच्या कठड्यावर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात, माणसांसकट नाव गिळावयास निघालेला तिमिंगिल कोरला आहे. त्याच्या पोटातून वसुगुप्त नावाचा मनुष्य सुटला असे सोबतचा लेख सांगतो. मात्र आपल्याच परंपरेत निरीक्षणाचीही एक धार आहे. ‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात लंकेहून परतणारा राम सीतेला समुद्र दाखवितो, तेव्हा नदीमुखाशी जबडे उघडून प्राण्यांसकट पाणी आत घेणारे आणि मग डोक्यावरील छिद्रांतून पाण्याचे फवारे उडविणारे तिमी कालिदासाने वर्णिले आहेत. देवमासा श्वास सोडताना दिसणारे दृश्य ज्याने पाहिले, निदान पाहणाऱ्याकडून नीट ऐकले, त्याचेच हे चित्र असले पाहिजे. तेव्हा कल्पनेचा मकर आणि डोळ्यांनी पाहिलेला तिमी हे दोन्ही एकाच संस्कृतीत शेजारी शेजारी नांदत आले.

लिन्शोटेनच्या त्याच प्रकरणात ह्या दोन वृत्ती शेजारी आढळतात. नदीतल्या प्राण्यानंतर तो एका जहाजाची कथा सांगतो. मोझांबिकहून हिंदुस्थानाकडे निघालेले हे जहाज वारा अनुकूल असूनही चौदा दिवस उलट मागे जात राहिले. शेवटी कोणाच्या तरी लक्षात आले की एक प्रचंड मासा जहाजाच्या तळाशी चिकटला असून नाळेभोवती शेपूट गुंडाळून जहाज ओढीत आहे. काठ्या व शस्त्रे ह्यांनी पुष्कळ बडविल्यावर त्याने जहाज सोडले. ह्या घटनेचे चित्र गोव्यात व्हाइसरॉयच्या वाड्यात लावलेले होते आणि त्यावर जहाजाचे व कप्तानाचे नाव, दिवस, वर्ष हा सारा तपशील होता, असे तो म्हणतो. येथे तारीख आहे, साक्षीदार आहेत, सरकारी भिंतीवरचे चित्र आहे. पण त्या माशाचे डोळे कसे, खवले कसे, ह्याची एक ओळही नाही. उलट नदीतल्या प्राण्याच्या बाबतीत तारीख नाही, पण अंगठ्याच्या रुंदीने खवला मोजलेला आहे. इतिहासाच्या शिक्षकाने ही दोन पाने जोडीने वर्गात वाचून दाखवावीत असे आम्हांला वाटते. दाखल्याचा थाटमाट एका पानावर आहे आणि खरा पुरावा दुसऱ्या पानावर. नाव चुकले तरी वर्णन प्रामाणिक असले, तर तीनशे-चारशे वर्षांनंतरचा वाचकही ती चूक सुधारून घेऊ शकतो. वर्णनच नसेल, तर सुधारणार काय?

आता ह्या प्रकरणातील आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. त्या प्राण्याचे खरे नाव त्या वेळी गोव्यात कोणालाच ठाऊक नव्हते काय? ते ठाऊक असलेली माणसे होती आणि ती फार दूरही नव्हती. मांडवी नदी सह्याद्रीवरून सत्तरीत उतरते आणि डिचोलीला वळसा घालून समुद्राकडे जाते. तिच्या उत्तरेस, बार्देशाच्या पलीकडे शापोरा नदी आहे. हीच नदी दोडामार्गच्या बाजूला तिळारी म्हणून ओळखली जाते आणि इब्रामपूरपाशी गोव्याच्या हद्दीत शिरते. एका काठाला पेडण्याचे इब्रामपूर, दुसऱ्या काठाला डिचोलीचे साळ. इब्रामपूरचे मनुष्य समुद्राचे नव्हे. त्याचा संसार डोंगराच्या उतारावरचा, नदीकाठच्या शेतीचा, रानाच्या शेजाराचा. वाळवी आणि मुंग्या खाणाऱ्या, रात्री वारुळे उकरणाऱ्या प्राण्याची अशा मुलखात ओळख असणे स्वाभाविक आहे.

वारुळाचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी ह्या भागांत आणि सीमेपलीकडे सिंधुदुर्गात सातेरी ही गावोगावची देवता आहे. अनेक ठिकाणी तिचे मूळ रूप म्हणजे साक्षात वारूळ. रा. चिं. ढेरे ह्यांनी ‘लज्जागौरी’ ह्या १९७८ च्या ग्रंथात वारूळ आणि मातृदेवता ह्यांचा संबंध विस्ताराने उलगडून दाखविला आहे. जो समाज वारुळात देवी पाहतो, तो त्या वारुळाशी कोण येते, कोण जाते हे पाहिल्याशिवाय राहत नाही. आर्चबिशपच्या दालनात ज्या प्राण्याने शस्त्रधाऱ्यांना थक्क केले, त्याच प्राण्याचा माग रानवाटेवर ओळखणारी माणसे दिवसा-दोन दिवसांच्या पायवाटेवर राहत होती.

ह्या दोन ठिकाणांमध्ये अंतर थोडे, पण सीमा मोठी होती. पोर्तुगीजांनी १५१० साली तिसवाडी घेतली आणि १५४३ साली बार्देश व साष्टी त्यांच्याकडे गेली. डिचोली आणि पेडणे हे मुलूख तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होते. पुढे ते सावंतवाडीकरांच्या सत्तेखाली आले आणि डिचोली-सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास, तर पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. म्हणजे लिन्शोटेनच्या काळी जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिसणारे उत्तरेचे डोंगर हा परराज्याचा मुलूख होता. तिकडचे ज्ञान इकडे यावयाचे तर ते सत्ता, धर्म आणि भाषा अशा तीन उंबऱ्यांवरून यावे लागले असते. प्राण्याचे चित्र हजारो मैलांवरील राजाकडे जाऊ शकले. प्राणी पाहण्यासाठी नदीपलीकडच्या शेतकऱ्याला बोलावणे कोणाच्या मनात आल्याचे त्या वृत्तान्तात दिसत नाही. दरबाराकडे जाणारी वाट मोकळी होती आणि शेजाऱ्याकडे जाणारी बंद, हे त्या राजवटीच्या ज्ञानव्यवहाराचे मर्म आहे.

तरी हे अपरिहार्य होते असे मात्र नव्हे. त्याच गोव्यात, वीस वर्षे आधी, गार्सिया द ओर्ता ह्या वैद्याने औषधी द्रव्यांवरील आपला संवादग्रंथ १५६३ साली छापला होता. त्यात तो वनस्पतींची देशी नावे देतो, येथील वैद्यांचे अनुभव सांगतो आणि ग्रीक-अरब ग्रंथकारांशी प्रसंगी मतभेद नोंदवितो. लिन्शोटेन गोव्यास येण्याच्या चार वर्षे आधी, १५७९ साली, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. त्याच वर्षी वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्याने प्रवासात पाहिलेल्या शार्क माशांचे आणि त्यांच्यासंगे हिंडणाऱ्या लहान माशांचे वर्णन केले आहे. पुढे साष्टीत राहून त्याने येथील भाषा आत्मसात केली आणि १६१६ साली त्याचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरे. पण त्या हेतूसाठी का होईना, लोकांची बोली कान देऊन ऐकावी लागते हे त्याने ओळखले. विचारणारा मनुष्य असला की उंबरे ओलांडता येतात, ह्याची ही दोन उदाहरणे लिन्शोटेनच्या शेजारीच उभी आहेत.

खवल्या मांजराची पुढील कहाणी हेच सांगते. ओर्ताचा ग्रंथ लॅटिनमध्ये नेणाऱ्या क्लुसियुस ह्या पंडिताने १६०५ साली ह्या जातीच्या प्राण्याला खवल्यांचा परदेशी सरडा म्हणून चित्रासह प्रसिद्ध केले. मासा होता तो आता सरडा झाला! १७५८ साली लिनियसने ‘मॅनिस’ ही प्रजाती सस्तन प्राण्यांत घातली. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १७८८ साली आपल्या संशोधनपत्रिकेचा पहिला खंड काढला. त्यात मॅथ्यू लेस्ली ह्याचा बिहारमधील ह्या प्राण्यावरील लेख असून तेथे ‘वज्रकीट’ हे संस्कृत नाव प्रथमच पाश्चात्त्य विद्वानांपुढे आले. लोखंडाहून कठीण खवला लिन्शोटेनने पाहिला होता. आपल्या भाषेने तो एका ‘वज्र’ शब्दात सांगून ठेवला होता. भारतातील जातीला ‘जाड शेपटीचा’ ह्या अर्थाचे शास्त्रीय नाव मिळाले ते १८०३ साली. पॅंगोलिन हे इंग्रजी नावही मलय भाषेतील गुंडाळून घेणाऱ्या ह्या अर्थाच्या शब्दावरून आले. शास्त्राने ज्या दोन लक्षणांवर भर दिला, ती जाड शेपटी आणि तो चेंडू, गोव्याच्या त्या दालनात १५८३ ते १५८८ च्या दरम्यानच नोंदली गेली होती.

खऱ्याखुऱ्या सागरी अजस्र जीवाच्या बाबतीतही क्रम असाच दिसतो. जगातील सर्वांत मोठा मासा, व्हेल शार्क, शास्त्राला ठाऊक झाला तो १८२८ साली दक्षिण आफ्रिकेच्या टेबल उपसागरात मासेमारांनी भाला मारून पकडल्यावर. अँड्र्यू स्मिथ ह्या लष्करी वैद्याने त्याचे वर्णन केले. आपल्या किनाऱ्यांवरील अशा माशांच्या नोंदी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रेटर ह्यांनी १९४१ साली आणि सी. व्ही. कुळकर्णी ह्यांनी १९४८ साली दिल्या. गुजरातच्या किनाऱ्यावर ह्याच माशाला मासेमार ‘बॅरल’ म्हणत, कारण गळाला पिंपे बांधून त्याला दमवीत. त्याच्या यकृताचे तेल होड्यांना लावीत. पुढे मांसाची निर्यात सुरू झाली आणि शिकार वाढली. २००१ साली त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच मिळाले. २००४ साली मोरारी बापूंनी किनाऱ्यावरील लोकांना सांगितले की हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक आहे, आणि त्याला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, हे नाव पडले. मारण्याच्या साधनावरून पडलेले नाव जाऊन नात्याचे नाव आले, तेव्हा जाळे कापून माशाला सोडणारे हात पुढे आले. कायद्याने जे साधले नसते ते एका शब्दाने सुकर केले, हे भाषेच्या अभ्यासकांनी विसरू नये.

मात्र शब्दाची किंमत कोणी चुकविली, हेही सांगितले पाहिजे. जाळे कापले जाते ते मासेमाराचे. गुजरातप्रमाणे महाराष्ट्र शासनानेही २०१८ च्या अखेरीस, संरक्षित प्राणी सोडून देताना जाळे फाटले तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली, ती ह्या न्यायाने. किनाऱ्यावर जमलेल्या गर्दीचे आश्चर्य फुकट असते. रापण ओढणाऱ्याचे नसते. अद्भुत प्राणी वाचवावा असे ज्या समाजाला वाटते, त्याने त्या वाटण्याचा भार एकट्या मासेमाराच्या खांद्यावर टाकू नये.

खवल्या मांजराला तर आज अधिक मोठे संकट आहे. शत्रूपुढे चेंडू होऊन पडणे हा त्याचा बचाव वाघाच्या दातांपुढे चालतो, माणसाच्या पोत्यापुढे चालत नाही. खवल्यांच्या चोरट्या व्यापारामुळे जगातील आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१६ साली पूर्णपणे निषिद्ध ठरविण्यात आला. आपल्या कोकणात चिपळूणजवळच्या डुगवे गावी २०२० साली ‘खवलोत्सव’ झाला आणि ग्रामदेवतेच्या पालखीच्या सोहळ्यात खवल्या मांजराची प्रतिकृती मिरविली गेली. ज्या प्राण्यावर एके काळी वाड्यात शस्त्रे चालली, त्याला गावाने मानाचे स्थान दिले. ही भूतदया वरून लादलेली नाही; वारुळात देवी पाहणाऱ्या जुन्याच दृष्टीशी तिचे नाते आहे.

शिक्षकबंधूंना आमची एक विनंती आहे. पेडणे, डिचोली, दोडामार्ग ह्या भागांतील शाळांत जी मुले येतात, त्यांच्या घरी प्राण्यांची, माशांची, वारुळांची शेकडो नावे आजही बोलली जातात. मोरजीच्या मासेमाराच्या नातवाला जी नावे ठाऊक आहेत ती इब्रामपूरच्या शेतकऱ्याच्या नातीला ठाऊक नसतील, आणि तिची त्याला ठाऊक नसतील. ही नावे, प्रत्येक नावापुढे प्राण्याचे साधे, मोजून-पाहून केलेले वर्णन आणि सांगणाऱ्याचे गाव, अशी टिपणे वर्गावर्गातून तयार झाली, तर कोशकारांना आणि इतिहासकारांना ती सारखीच उपयोगी पडतील. वर्णन कसे करावे ह्याचा धडा लिन्शोटेनकडून घ्यावा. नाव मात्र आपण शेजाऱ्याला विचारून लिहावे.